समुद्रकाठी हलगी शेकताना

कोल्हापूरच्या स्टँडवर वेंगुर्ल्याची एसटी लागली, तेव्हा शालन आधीच आत जाऊन बसली होती. खिडकीतून रुमाल टाकून तिने दोन जागा धरल्या होत्या आणि त्या रुमालावरून एका गृहस्थांशी तिचं भांडणही उरकलं होतं. शालन आमची शेजारीण. घरी चार म्हशी, उसाची शेती आणि आवाज असा की तिने परड्यातून हाक मारली तर चौकातला माणूस मागे वळून बघतो.

"बसा अक्का. आता ह्या जागंवरनं आपल्याला देव बी उठवू शकत न्हाय," ती म्हणाली.

आम्ही दोघी निघालो होतो समुद्रकिनाऱ्यावरचं गाणं ऐकायला. माझी मुलगी पल्लवी तिथे हलगी वाजवणार होती. आमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण, ताटात कांदा-लसूण बेताचाच, आणि चामड्याची वस्तू सहसा उंबऱ्याच्या बाहेर. अशा घरातली मुलगी शेजारच्या गल्लीतल्या तालमीपुढे उभं राहून हलगी शिकली. घरात कुणी अडवलं नाही, पण हलगी जिन्याखालीच राहिली आणि मी तिला कधी हात लावला नाही. तिची हलगी, तिनेच सांभाळावी, असा आमच्यात न बोलता झालेला करार होता.

आता तिचा पाच जणांचा बँड होता. बाकीची चार मुलं गिटार, बासरी वगैरे वाजवत. त्यांच्यातला अभिजित हा म्होरक्या. हलगीऐवजी विजेवर चालणारं पॅड घ्यावं, बटण दाबलं की हवा तो आवाज, असं त्याचं महिनाभर चाललं होतं. शेवटी ठरलं की समुद्रावरच्या या कार्यक्रमात हलगी चालली तर ठेवायची, नाहीतर पॅड घ्यायचं. आणि पॅड बडवायला आपण बँडमध्ये थांबणार नाही, असं पल्लवीने मला घरून निघताना सांगितलं होतं. पल्लवी आणि ती मुलं आदल्या दिवशीच टेम्पोने पुढे गेली होती. मी गाडीत बसले ती ही काळजी मांडीवर घेऊनच.

आजऱ्यापर्यंत थंडीने आम्ही कानाला शाली गुंडाळून बसलो होतो. आंबोलीत गाडी चहाला थांबली, तिथे ढग रस्त्यावर उतरून आले होते. मी दशम्या (दुधात भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या) आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शालनने चार दशम्या खाल्ल्या आणि जाहीर केलं की आता पोटात फक्त माशांपुरती जागा ठेवली आहे. घाट उतरताना एकेक शाल निघाली, मग स्वेटर निघाला, आणि सावंतवाडीला पोचेपर्यंत आम्ही पदराने वारा घेत होतो. हवा अंगाला चिकटत होती. त्या चिकट हवेचा पुढे आपल्याशी काय संबंध येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

वेंगुर्ल्याहून रिक्षाने आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. माडांच्या राईतून बाहेर पडलो आणि एकदम समुद्रच पुढे आला. मी पंचावन्न वर्षांची बाई, पण समुद्र याआधी दोनदाच पाहिलेला. रंकाळ्याला वळसा घालायची सवय असलेल्या माणसाला दुसरा काठच नसलेलं पाणी बघून जरा धसका बसतो. शालनसुद्धा बोलली नाही, ही त्याहून मोठी गोष्ट.

कार्यक्रमाची जागा मात्र फार आवडली. जांभ्या दगडाचा हातभर उंच चौथरा, त्यावर माडाच्या झावळ्यांचं छप्पर, मागे पाणी आणि समोर मोकळी वाळू. खुर्च्या नाहीत. लोक चटया घेऊन येत होते आणि लांब मागे माडांखाली निवांत बसत होते. चौथऱ्याच्या उजव्या अंगाची, पाण्याकडची पहिली जागा सगळी मोकळी.

"काय येडी माणसं हायती. पुढची जागा सोडून मागं बसल्यात," शालन म्हणाली.

कोल्हापूरच्या माणसाला पुढची रिकामी जागा दिसली की त्याचे पाय तिथे आपोआप जातात. कुस्तीचं मैदान असो, फुटबॉल असो की नाटक. आम्ही चटई अंथरली, चारी टोकांना चपला, पिशवी, पाण्याची बाटली ठेवून ऐसपैस बसलो. पल्लवीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता; त्या संध्याकाळी गोव्याकडची एक बाई गात होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज लाटेबरोबर पुढे यायचा आणि लाटेबरोबर मागे जायचा. मी डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या गाण्याला बुडाखाली गार लागलं. डोळे उघडले तर चटई ओली, बाटली तरंगत निघालेली आणि शालनची एक चप्पल समुद्राने केव्हाच उचललेली. भरतीची वेळ होती. मागे बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आम्ही लुगडी पिळत मागे गेलो. लोकांनी हसून जागा करून दिली. शालन एका पायातली चप्पल हातात धरून म्हणाली, "आमच्याकडं पाणी हाय तिथंच ऱ्हातं."

दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा मुलांनी वाद्यं लावून बघितली. गिटार लागली, बासरी लागली. पल्लवीने हलगीवर टिपरू (वाजवायची काठी) मारलं. हलगीचा कडाड् असा आवाज येतो, तो आलाच नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं काहीतरी भद् वाजलं. तिने दुसरी हलगी घेतली. तिचंही तेच.

कातडं दमट हवा पितं आणि सैल पडतं. तालमीपुढे वाजवण्याआधी गवताचा किंवा कागदाचा जाळ करून हलगी शेकायची, हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. पल्लवी काडेपेटी घेऊन वाळूत बसलीसुद्धा. तेवढ्यात तिथला व्यवस्थापक धावत आला.

"ताई, इथे जाळ नाही करता येणार. वर झावळ्या आहेत. एक ठिणगी उडाली तर सगळं जाईल."

त्याचं खरंच होतं. अभिजितने कुणाकडून तरी केस वाळवायचं यंत्र आणलं. त्याने आवाज भरपूर झाला, कातडं काही ताठ झालं नाही. मग तो हळूच म्हणाला, "पल्लवी, मी पॅड आणलंय. टेम्पोत आहे. आजच्या दिवस तेच घेऊया."

पल्लवी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने दोन्ही हलग्या नीट एकावर एक ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिली. सूर्य पाण्याला टेकला की पहिलं गाणं, असं ठरलेलं. सूर्य हातभर वर होता.

"चूल हाय की वं तिकडं," शालन म्हणाली. "मी दुपारी बांगडं खाल्लं तिथं. पेटती चूल हाय."

कुंपणाबाहेर रस्त्याकडेला एका मालवणी बाईची खाणावळ होती. पल्लवीला चौथऱ्यावरून हलता येत नव्हतं, माइक जोडायचं काम चाललं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि दोन्ही हलग्या उचलल्या. कातडं गार होतं आणि मऊ, आजारी माणसाच्या हातासारखं. मला त्या वेळी सोवळं आठवलं नाही, पोरीचं तोंड तेवढं दिसत होतं.

"लई जवळ धरू नको, आई. फाटंल," ती म्हणाली. "बोटानं वाजवून बघत ऱ्हा. टण्ण बोललं की घिऊन ये."

खाणावळीच्या दारातच तळत्या माशांचा वास तोंडावर आला. जन्मात मी असल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. शालनने आमची अडचण त्या बाईला सांगितली, म्हणजे अर्ध्या किनाऱ्याला सांगितली.

"खंयची तुमी? कोल्हापूरची?" बाई म्हणाली. "तरीच. मघापासून आवाज ऐकतंय." मग माझ्या गळ्यातली जपमाळ तिच्या नजरेस पडली. "भितुर ये गो. पण माशे आसत. चलतला मां तुका?" (मासे आहेत, चालेल ना तुला?)

"आज समदं चालतंय," मी म्हणाले.

तिने एका चुलीवरचा तवा उतरवला आणि निखारे पुढे ओढले. मी हलगी त्यावर धरून फिरवत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, बाजूच्या तव्यावर कोळंबी तडतडत होती. बोटाने वाजवलं, भद्. पुन्हा शेकलं, पुन्हा भद्. दारातून सूर्य तांबडा झालेला दिसत होता. मी जेवणाचा डबा सोबत आणला होता, तो उघडायची हीच वेळ होती. मी डब्याकडे पाठ केली. मग एकदा बोट मारलं आणि हलगी बोलली. टण्ण. खाणावळीत जेवणाऱ्या माणसांनी माना वर केल्या.

हलगी शालीत गुंडाळून मी वाळूतून पळाले. मी पळाले असं मी लिहिते, शालनच्या मते मी भरभर चालले. पल्लवीने ती खांद्याशी धरली, सूर्य टेकला आणि तिने टिपरू मारलं.

तो आवाज मी आमच्या चौकात हजारदा ऐकलेला. तिथे तो भिंतींवर आदळून परत येतो. इथे भिंतच नव्हती. तो सरळ पाण्यावरून निघून गेला आणि मागे माडांखाली आडवी झालेली माणसं उठून बसली. पण ऐकत उभं राहायला सवड कुठे होती? दोन गाण्यांत ही हलगी पुन्हा सैल पडणार, हे आता मला कळलं होतं. मी परत चुलीकडे गेले आणि तिथे ठेवलेली दुसरी उचलली.

अख्खा कार्यक्रम असाच झाला. एक हलगी चौथऱ्यावर, एक चुलीवर. मी शेकायची, शालन पोचवायची आणि उतरलेली परत आणायची. वाटेत लोक तिला जागा द्यायला लागले. तिसऱ्या खेपेला अभिजित स्वतः गिटार बाजूला ठेवून पायऱ्यांपर्यंत आला, शालनच्या हातातून हलगी घेतली आणि दोन्ही हातांनी पल्लवीला दिली. मी दारातून ते पाहिलं.

शेवटच्या गाण्याला मालवणी बाईनेच मला बाहेर ढकललं. "जा गो. चेडवाचा वाजवणा बघ." (पोरीचं वाजवणं बघ.)

मी गेले तेव्हा कुणीही बसलेलं नव्हतं. चटया पायांखाली तुडवल्या जात होत्या. बासरी, गिटार सगळं थांबलं होतं आणि एकटी हलगी चालली होती, चढत, आणखी चढत. शालनने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आमच्याकडे निकाली कुस्तीला मारतात ती. समोरच्या दोघातिघांनी तिच्याकडे वळून बघितलं आणि मग त्यांनीही शिट्ट्या मारल्या. पल्लवीने शेवटचा ठोका दिला आणि हलगी डोक्यावर उचलली. मी रडले. धुराचं निमित्त होतंच.

जागेच्या मालकांनी तिथेच पुढच्या महिन्याचं आमंत्रण दिलं. "हलगी आणायचीच," ते म्हणाले. अभिजित म्हणाला, "पॅड विकायला काढतो," आणि पल्लवी इतक्या मोठ्याने हसली की मला तिचं बालपण आठवलं.

सकाळी निघताना खाणावळीच्या बाईने अडवलं. "काल उपाशी रवलंस. खाल्ल्याशिवाय जावचा नाय." तिने नवा कोरा तवा काढून माझ्यासाठी घावणे (तांदळाची पातळ, जाळीदार धिरडी) घातले, सोबत ओल्या नारळाची चटणी. मी किती खाल्ले ते सांगत नाही. शालनने मोजले आहेत, तिला विचारा.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. कार्यक्रम ऐकायला एवढ्या लांब गेले आणि त्यातला निम्म्याहून जास्त मी चुलीपुढे उभी राहून, पाठमोरी ऐकला. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी हळहळले असते. मला मात्र आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. उलट एकेक ठोका ओळखीचा वाटत होता, कारण तो निघण्याआधी माझ्या हातात तापला होता.

कोल्हापूरच्या स्टँडवर आमचे हे स्कूटर घेऊन उभे होते. शालन गाडीतून उतरता उतरताच सुरू होणार होती, पण त्यांनी मला आधी विचारलं, "काय मग? पोरीनं कशी वाजवली?"

माझ्या पदराला अजून धुराचा आणि माशांचा वास येत होता. मी पिशवी त्यांच्या हातात दिली.

"पोरीनं एकटीनं न्हाय," मी म्हणाले. "आम्ही वाजवली."