पाखरासाठी उठवलेली ओळ

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. सोबतची माणसं कमी झाली, की उरलेल्याकडे ते आपोआप जमा होतात. माझ्याकडे असेच जमलेत आणि घरात ऐकायला कोणी नाही. म्हणून तुम्ही ऐका!

अकोल्यात जठारपेठेत रशीदभाईंचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. मी शाळामास्तर, कविता करणारा. आम्ही दोघं मिळून काचपेट्या करायचो. लाकडी पेटीत एकामागे एक तीन काचा. पुढच्या काचेवर माझी कविता, मागच्या दोन्हींवर त्यांचं चित्र, आणि त्यामागे बल्ब. बटण दाबलं, की शब्द चित्रात उभे राहायचे. विकत कोणी घेत नव्हतं, पण आमचं झकास चाललं होतं.

*

काचेवरचं चित्र मागच्या बाजूने काढतात, तेही उलट्या क्रमाने. आधी डोळ्यातली बाहुली, मग डोळा, मग चेहरा. एकदा बार्शीटाकळीचा एक बियाणंवाला पाटी न्यायला आला. काचेवर नुसते दोन काळे ठिपके पाहून म्हणाला, "हे काय आहे?"

"माणूस हाय," रशीदभाई म्हणाले. "येऊन राह्यला. बसा, चहा घ्या!"

*

एक पेटी पूर्ण झाली. मी कौतुकाने बटण दाबलं, तर कवितेतली एक ओळ गायब!

"भाई, माझी तिसरी ओळ?"

"तिथं पाखरू बसवाचं होतं, सर. जागाच नव्हती. मंग ओळ उठवली."

मी रागाने आठ दिवस दुकानाकडे फिरकलो नाही. शेवटी माझी बायको, सुमन, स्वतः जाऊन पेटी बघून आली. म्हणाली, "काही म्हणा, कविता आता बरी झालीय!"

*

अमरावतीला आमचं एकुलतं एक प्रदर्शन झालं. फीत कापली आणि लाइट गेली. लोडशेडिंग! प्रमुख पाहुण्यांनी मात्र अंधारातच भाषण ठोकलं, "काय ही रंगसंगती!"

"साहेबांची नजर लय तेज हाय," रशीदभाई कुजबुजले.

मग सुमनने कुठूनशी मेणबत्ती आणली आणि एका पेटीमागे धरली. ज्योत हलली तशी कविताही हलायला लागली. सुमन पेटीपेटीमागे फिरली आणि सगळे लोक तिच्यामागे फिरले. लाइट आली, तेव्हा एकजण ओरडला, "अरे, बंद करा ना!"

*

मग कापसाचे दिवस वाईट आले. दुकानदारांनी नव्या पाट्या करणं सोडलं. त्यात भर म्हणून समोरच फ्लेक्सचं दुकान निघालं. त्याचा मालक पहिल्याच आठवड्यात रशीदभाईंकडे आला. म्हणाला, "चाचा, माझ्या दुकानाची पाटी तुमीच रंगवा."

"काहून? तुह्याकडे मशीन हाय ना!"

"फ्लेक्सचा रंग उन्हात उडते, चाचा. आपल्या घरचं काम टिकाऊ पायजे!"

रशीदभाईंनी त्याची पाटी मन लावून रंगवली. त्यांच्या हातची ती शेवटची पाटी. दुकान आवरून ते परतवाड्याला मुलीकडे गेले.

*

त्याच वर्षी सुमन गेली. त्याला आता दोन वर्षं झाली, तेव्हापासून मी एक ओळ लिहिली नाही. खोटं कशाला सांगू, मला एकटेपणा खातो. आजही सवयीने दोन कप चहा टाकतो.

परवा परतवाड्याच्या बसने एक पार्सल आलं. गोधडीत गुंडाळलेली एक काच. जुन्या पेटीत बसवली, बटण दाबलं. खाली कोपऱ्यात मेणबत्ती धरलेला एक हात. बांगड्या मी लगेच ओळखल्या. बाकी सगळी काच कोरी.

मी फोन लावला. "भाई, चित्र अर्धंच राहिलंय."

"अर्धं नाई, सर. चार ओळींची जागा ठेवली. यावेळी पाखरू नाई बसवत."

"माझ्याच्यानं आता होत नाही हो."

 

"मंग कोरीच राहू द्या," रशीदभाई म्हणाले. "बल्ब तेवढा चालू ठेवजा."