खेळून झिजली तरच

नियम लिहून ठेवला की किस्से आपोआप साठायला लागतात.

भालकीत आम्ही चौघं दर रविवारी डिस्क गोल्फ खेळतो. प्लॅस्टिकची चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये पाडायची. नवी डिस्क शेवटाला डावीकडं वळते, झिजलेली सरळ जाते. त्यामुळं सगळ्यांना झिजलेली हवी असते. यंदा खांदा दुखावल्यानं मी पंच झालो आणि वहीत लिहिलं : खेळून झिजलेली चालेल, खेळाडूनं मुद्दाम घासलेली बाद. बीदरच्या स्पर्धेला तिघांतून दोघंच जाणार होते. शेवटच्या तपासणीत ज्याची डिस्क बाद, तो घरी.

पहिले आले मल्लूअण्णा, बियाण्याचं दुकान चालवणारे. डिस्कची कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलेली.

"अण्णा, हे काय?"

"कड हाताला लागायली होती बाबा. लागायली तेवढीच घासली."

"सगळीकडून घासलीय की!"

"फेकताना हात फिरतो न्हवं."

मी नवी आणायला सांगितली. जाता जाता त्यांनी विचारलं, "नवी बॅट खेळायच्या आधी तू ठोकून घेतोस का न्हाई?"

"घेतो. पण ते क्रिकेट आहे."

अण्णांनी माझ्यासाठी चहा मागवला.

दुसरा इरफान, दुचाकीचं गॅरेज आहे त्याचं. गॅरेजमागच्या जांभ्या दगडाच्या भिंतीवर तो सकाळपासून डिस्क आपटत होता.

"इरफान, हे घासणंच झालं."

"न्हाई भाई, खेळायलो मी. बास्केट बघ."

भिंतीवर खडूनं बास्केट काढलेलं होतं.

"किती फेकी झाल्या?"

"चारशे. आत जाईना, मी काय करू?"

पुढच्याच आठवड्यात अण्णांनी नवी डिस्क चिटगुप्प्याच्या भाच्याला खेळायला दिली. मला त्यांच्या उदारपणाचं कौतुक वाटलं. मग त्यांचं भाच्याशी फोनवरचं बोलणं कानावर पडलं : "तिकडं खडकावर खेळ. आन परत देताना धुऊ नको."

राहिली शारदाअक्का. शाळेत शिकवते, आजवर भालकीबाहेर खेळायला मिळालं नव्हतं. तिची डिस्क सगळ्यांत सरळ जायची. खोल ओरखडा एक नाही, सगळीकडून सारखी मऊ, चमक गेलेली.

"अक्का, खरं सांगा. घासलीत?"

"एकदाबी न्हाई. शपथ घेते."

अक्का खोटं बोलत नाही, हे सगळ्या भालकीला माहीत आहे. तरी नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मी दुपारी तिच्या घरी गेलो. मोरीत तिच्या सासूबाई तारेच्या घासणीनं भांडी घासत होत्या. ताटांच्या मध्ये डिस्क.

"मावशी, हे ताट न्हाई. खेळायची डिस्क हाय," मी सांगितलं.

"व्हय?" त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. "मग शारदा रोज जेवण झाल्यावर मोरीत आणून कामून ठेवती?"

मी वळून बघितलं. अक्का दारात उभी होती.

"वही काढा की सर," ती म्हणाली. "सासूचं काय लिवलंय त्यात?"