सतरावी चिठ्ठी

मुलांनो, आजोबांच्या जुन्या टर्बो रोटरी इंजिनाच्या गाडीतल्या रबरी व्हॅक्यूम नळ्या कडक होऊन चिरल्या होत्या. त्या बदलायला येणारा मसोलीचा मेकॅनिक कधीच अकराच्या आधी उगवत नसे. मी नळ्यांना नंबर घातलेल्या सतरा चिठ्ठ्या बांधून ठेवल्या होत्या. नळी बदलली, की तो तिची चिठ्ठी खिशात टाकायचा.

तिसऱ्या संध्याकाळी इंजिन सुरू झालं. अंथरुणाला खिळलेले आजोबा आवाज ऐकून हसले. मेकॅनिकने मात्र खिशातल्या चिठ्ठ्या मोजल्या आणि इंजिन बंद केलं.

“बाई, सोळाच भरतात. एक जुनी नळी आतच राहिली.”

“चालतेय ना? राहू दे.”

तो चपला काढून आजोबांपाशी गेला. “काका, हा आवाज खरा नाय. उद्या ऐकवतो.”

“उद्यापर्यंत थांबतो,” आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच फाटक वाजलं.