कोणतं विमान, कुठला डेपो

महादेव धामणेकरांना वडगावात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांचे ते डायव्हर आप्पा. बेळगावात एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, त्यालाही आता चार वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस असं आपण कुणालाही म्हणून टाकतो. आप्पा खरोखर प्यालेत, आणि कुठल्या गावच्या पाण्यात डाळ शिजत नाही हेही सांगू शकतात. स्वभाव चौकस. म्हणजे किती, तर दवाखान्यात गेले की आपल्या पोटात काय झालंय यापेक्षा सोनोग्राफीच्या मशीनला पोटातलं दिसतं कसं, याचीच चौकशी जास्त. त्यांच्या बायको मंगलताई म्हणतात, "ह्यांच्या संगं कुटं जाऊ ने बगा. एका कामाला गेलं की धा गोष्टी इचारून येत्यात आणि काम तेवढं इसरत्यात."

अशा माणसाची एकुलती एक मुलगी ऋतिका पायलट झाली. कशी झाली, ती गोष्ट निराळी आहे. शिष्यवृत्ती, येळ्ळूरकडची जमीन आणि मायलेकींचा हट्ट असे तिचे तीन अध्याय आहेत आणि तिन्ही लांबलचक आहेत. आपली गोष्ट सुरू होते ती त्यानंतर, मे महिन्यातल्या एका गुरुवारी. त्या दिवशी ऋतिकाला विमान कंपनीची मेल आली. नोकरी पक्की. सोबत एक फॉर्म होता. रविवारी संध्याकाळी पाचच्या आत विमानाचा प्रकार आणि बेस यांची पसंती कळवायची होती. जागा दोनच प्रकारच्या शिल्लक होत्या. एक एटीआरची. हे पंख्याचं, सत्तर-पंचाहत्तर माणसांचं छोटं विमान. बेस हैदराबाद, आणि त्याच्या फेऱ्यांत बेळगावही होतं. दुसरी एअरबसची. हे जेट, एकशे ऐंशी माणसांचं. पण बेस थेट दिल्ली. एकदा निवडलं की तीन वर्षं बदल नाही.

झालं, नातेवाइकांनी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. संकेश्वरचा मामा युवराज म्हणाला, मोठंच घे, एअरबस म्हटलं की सोयरीक बघायला येणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. जयाबाई आत्या म्हणाल्या, दिल्लीत थंडी फार, हैदराबादच बरं. विमानाबद्दल मात्र कुणीच काही विचारलं नाही. ते काम आप्पांनी हाती घेतलं. संध्याकाळी चहा झाल्यावर ते लेकीसमोर मांडी ठोकून बसले. शेजारच्या साड्यांच्या मागांचा खडखडाट चालू होता, त्यावर आवाज चढवून त्यांनी पहिलाच सवाल टाकला.

"बेस म्हंजे काय गं?"

"तिथनं ड्यूटी सुरू हुणार, आणि फिरून फिरून तिथंच संपणार. मधी कुटं मुक्काम पडला तर कंपनी हॉटेल देतीया."

"म्हंजे डेपो. आणि मुक्काम म्हंजे वस्तीची गाडी."

ऋतिका हसायला लागली. "व्हय आप्पा, डेपोच."

"आयत्या वेळी कोण आजारी पडलं तर स्पेअर कोण?"

"त्याला स्टँडबाय म्हणत्यात. घरात युनिफॉर्म घालून बसायचं, फोन आला की पळायचं."

"आणि चांगल्या फेऱ्या सीनियर लोकं घेणार, उरलंसुरलं तुमास्नी."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? वर उडलं म्हणून माणसं बदलत्यात व्हय?"

ऋतिकाच्या पुस्तकात ज्याला एक अख्खं प्रकरण लागलं होतं, ते आप्पांना चहाचा कप वाळायच्या आत उमगलं. मग गाडी आली यंत्रावर. एटीआरला दोन्ही हातांनी धरायचं स्टिअरिंग असतं हे ऐकून त्यांना बरं वाटलं. ऋतिकानं त्या विमानाची माहिती चार वाक्यांत संपवली. एअरबसचं नाव निघालं आणि तिनं ताटलीतला चमचा उचलून उजव्या हाताशी उभा धरला. एवढीशी दांडी, म्हणाली. स्टिअरिंग नाहीच. ही दांडी सरळ पंखांना हुकूम देत नाही, कॉम्प्युटरला सांगते, आणि कॉम्प्युटरला वाटलं की हा माणूस विमान फारच कलंडवतोय, तर तो ऐकतच नाही.

"मग चालवतंय कोण? तू का त्यो?"

"आप्पा, त्येच तर मला बघायचं हाय!" ऋतिका गुडघ्यांवर उठून बसली. पुढचा अर्धा तास ती बोलत होती. चमचा वळत होता, चढत होता, चहाच्या कपावर उतरत होता. आप्पांना निम्मं समजलं नाही, पण लेकीचा जीव कुठं अडकलाय ते बरोबर समजलं. एवढं सगळं करून तिनं फॉर्म उघडून दाखवला, तर पहिल्या पसंतीत लिहिलं होतं: एटीआर, हैदराबाद.

"हे कसं काय?"

"बेळगावला यायला बरं पडंल," ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवून आत गेली.

आता इथं वाचकाला घरातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ऋतिका तीन वर्षांची होती तेव्हापासून चौदा वर्षांची होईपर्यंत, अकरा वर्षं, आप्पा जांबोटीकडची वस्तीची गाडी चालवत होते. दुपारी साडेचारला बेळगाव सोडायचं, जांबोटीच्या पुढं जंगलातल्या शेवटच्या गावात मुक्काम, सकाळी सहाला तिथून परत. आठवड्यातून चार रात्री घर बापाविना. लेकीला ताप आला, गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळालं, घरात साप निघाला, आप्पा जांबोटीला. मंगलताई विचारायच्या, तुमचीच नेमणूक कशी काय दर वर्षी? आप्पा म्हणायचे, केदारीनं टाकलं. केदारी म्हणजे डेपोतला ड्यूट्या लावणारा क्लार्क. त्या केदारीचा मंगलताईंनी असा उद्धार केला की विचारू नका. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेल्या नाहीत. त्याची बायको राजेश्वरी बाजारात समोरून आली तर आजही त्या रस्ता ओलांडतात.

आणि खरं काय होतं? पहिल्या वर्षी वस्ती खरोखरच गळ्यात पडली होती. दुसऱ्या वर्षी आप्पांचा नंबर वर सरकला. केदारीनं स्वतः बोलावून सांगितलं, महादेवराव, कोल्हापूरची दिवसाची गाडी घ्या, सातला जा, चारला घरी या. आप्पांनी यादी वाचली आणि जांबोटीपुढं सही केली. पुढची दहा वर्षं दर जूनमध्ये केली. घरी मात्र पहिल्या वर्षीचंच उत्तर चालू ठेवलं, कारण ते तयार होतं आणि चालतही होतं.

शुक्रवार असाच गेला. शनिवारी दुपारी "जरा जाऊन येतो" म्हणून त्यांनी स्कूटर काढली. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनीच खोड. भाजीची पिशवी घेतली आणि गेले सांबऱ्याला, विमानतळाकडं. कुंपणापलीकडची धावपट्टी दिसते अशा एका शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले. शेतात नागुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई मिरच्या तोडत होत्या.

"पंख्याचं विमान कवा येतंय वो आक्का?"

"यील की आत्ता," नागुबाई मान वर न करता म्हणाल्या. "आवाजावरनं कळतंय मला. कोण येणार हाय तुमचं?"

"अजून कोण न्हाय."

विमान आलं. आप्पांनी घड्याळ लावलं. माणसं उतरली, बॅगा उतरल्या, नवी माणसं चढली. पांढरा शर्ट आणि वर पिवळं जॅकेट घातलेला एक तरुण पायलट खाली आला. विमानाभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं बघितली, पंख्याकडं बघितलं, पुन्हा जिना चढून आत गेला. आप्पांना गंमत वाटली. गाडी काढण्याआधी टायरांभोवती ते स्वतः असंच फिरत आले होते. मग दरवाजा लागला, पंखे फिरले. पंचवीस मिनिटं.

"त्यो पोरगा परत आत गेला की," आप्पा म्हणाले.

"मग काय करंल? जेवाय थांबंल व्हय?" नागुबाईंनी विचारलं.

आप्पा बांधावरच बसले. लेक घरापासून दहा-बारा किलोमीटरवर येणार, चाकं बघणार आणि जाणार, हे चित्र त्यांना सहन होईना. कोल्हापूरची गाडी नको म्हणताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं की का. लेकीला मात्र जे हवंय ते ती सोडत होती, आणि सोडायचं कारण होते ते स्वतः, म्हणजे बापाला बळजबरीनं घर सोडावं लागलं ही त्यांनीच सांगितलेली थाप. खरं सांगितलं तर लेक सुटेल. पण मंगलचं काय? पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांची पत होती ती एवढीच, की बिचाऱ्याला घरी राहायचं होतं, डेपोनं राहू दिलं नाही.

येताना भाजी आणायची राहिलीच.

रविवारी चार वाजता ऋतिका फॉर्म उघडून बसली. मंगलताई खिडकीपाशी मशीनवर एका साडीला फॉल लावत होत्या. वडगावच्या मागांवरच्या साड्यांचं फॉल-पिको त्या वीस वर्षं करतात. आप्पांनी सुरुवात लांबून केली. सांबऱ्याला गेलतो, म्हणाले. विमान पंचवीस मिनिटंच थांबतं, पायलट विमानतळाबाहेरही येत नाही.

"म्हाईत हाय मला," ऋतिका म्हणाली. "पण सुट्टीला हैदराबादवरनं दोन तासांत घरात. दिल्लीवरनं अख्खा दिवस मोडतोय. आप्पा, तुमच्या हातात काय नव्हतं, तुमाला टाकलं आणि तुमी गेलासा. मला निदान कुणी इचारलंय तरी. मी कशाला लांब जाऊ?"

"मलाबी इचारलंतं," आप्पा म्हणाले.

"काय?"

"केदारीनं इचारलंतं. दर वर्षी. कोल्हापूरची गाडी घे म्हणून मागं लागलाता बिचारा. मीच न्हाय म्हटलं. जांबोटीवर सही मी करतो हुतो. केदारीनं फकस्त पहिल्या वर्षी टाकलं."

ऋतिकाचं बोट फॉर्मवरच थांबलं. मशीन मात्र थांबलं नाही. मंगलताईंनी फॉल टोकापर्यंत लावला, दोरा दातानं तोडला, साडीची घडी केली, आणि मगच बोलल्या.

"राजेश्वरीच्या पोरीच्या लग्नात मी गेले न्हाई."

"व्हय."

"तवाबी बोलला न्हाईसा."

"भ्यालो."

आप्पांना वाटलं, आता आकाश कोसळणार. पण मंगलताईंचा आवाज चढला नाही. त्यांनी स्टूल वळवलं आणि नवऱ्याकडं नीट बघितलं.

"काय हुतं वो तिथं?"

हे विचारलं ते रागानं नव्हे. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. आणि आप्पांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते विचारत होतं.

"काय न्हाई, रस्ता," ते म्हणाले. मग त्यांना राहवेना. रस्ता रोज निराळा, म्हणाले. आज झाड आडवं, उद्या ओढा वर, परवा वळणावर गवा उभा, तो हलेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. पावसाळ्यात धुकं असं, की कंडक्टर खाली उतरून पुढं चालायचा आणि गाडी त्याच्या मागून. सकाळी सहाला फाट्याफाट्यावर माणसं उभी; कुणाच्या हातात दुधाचा कॅन, कुणाच्या कडेवर आजारी पोर. एखादा रोजचा माणूस दिसला नाही तर हॉर्न वाजवून थांबायचं. कोल्हापूरच्या गाडीला डायव्हर कोण आहे हे कुणी बघत नाही. जांबोटीकडं गाडी आली नाही की गाव माझं नाव घेऊन काळजी करायचं. "तुमी दोघी आठवायचा," आप्पा म्हणाले. "खोटं न्हाय सांगत. पण गाडी सुरू केली की मला लई बरं वाटायचं. घरापास्नं लांब जाताना बरं वाटतंय, हे घरात कसं सांगायचं म्हणून केदारीचं नाव सांगितलं."

ऋतिकानं फोन खाली ठेवला. तापाच्या रात्री आईनं डेपोला घातलेल्या शिव्या तिला पाठ होत्या. "मला राग आलाय तुमचा," ती म्हणाली. "लई राग आलाय."

"येऊ दे. पण त्या रागापायी एटीआर घेऊ नको. आवडत असंल तर घे. माझ्यासाटनं घेऊ नको."

तिनं फोन उचलला. पहिली पसंती पुसली, एअरबस लिहिलं, दिल्ली लिहिलं, आणि पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्म पाठवून दिला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "गेला," एवढंच म्हणाली आणि तोंड धुवायला उठली.

खोलीत दोघंच उरले. आप्पांना हलकं वाटत होतं. एवढं मोठं गाठोडं उतरलं, आणि घर जागेवर होतं. मंगलताई अजून स्टुलावरच होत्या, फॉल लावलेली साडी मांडीवर घेऊन.

"डायव्हरच्या बायकोला पास हुता न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हुता की."

"मग इतकं चांगलं हुतं तर मला एकदा तरी का न्हेलं न्हाईसा?"

संध्याकाळी जाताना निम्मी गाडी रिकामी असायची. अकरा वर्षांत तिथं मंगलला बसवावं, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.