केसपेपरची खिडकी आणि राहिलेला उखाणा

आज सोमवार. सकाळी कचेरीत जाऊन आमच्या ह्यांच्या मृत्यूचा दाखला आणला. रांग लहान होती. येताना मेथीची जुडी घेतली.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजी, मिस्टरांचं पूर्ण नाव?" आणि मला हसू आलं... नाव सांगितलं, पण हसतच. ती बिचारी गोंधळली. अशा कामाला आलेली बाई हसते कशी, असं तिला वाटलं असणार. म्हणून हे लिहिते आहे.

साधारण पंचाहत्तर सालची गोष्ट. माणदेशातल्या एका लहानशा आरोग्य केंद्रात मी नर्स होते आणि हे तिथेच क्लार्क. केसपेपरची खिडकी ह्यांच्याकडे. माणूस सरळ, पण आवाज असा की पार एसटी थांब्यापर्यंत ऐकू जायचा.

धनगरवाडीतल्या आणि बौद्धवस्तीतल्या बायका केंद्रात फारशा येत नसत. त्यांना सुईची भीती वाटते, असं सगळे म्हणायचे... मीही तेच धरून चालले होते. नवीन आलेले डॉक्टर मात्र म्हणाले, "आपणच कशाला ठरवायचं? त्यांनाच बोलवू. आपला दवाखाना त्यांनी तपासावा."

मग एका बाजारच्या दिवशी केंद्रामागच्या कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या. माणसं चांगली जमली. पुरुषांनीच सुरुवात केली... औषध कडू आहे, बाकडी कमी आहेत, वगैरे. बायका मागे बसून ऐकत होत्या.

त्यांच्यात धनगरवाडीची तुळसा होती. सातवा महिना, पहिलटकरीण. लुगड्याच्या काठाखाली तिचे पाय दिसले... चांगलेच सुजलेले. चेहराही सुजला होता. मी तिच्याजवळ सरकले. हळूच म्हटलं, "चल आत, तपासते." तिने खिडकीकडे एकदा पाहिलं आणि मानेनेच नको म्हटलं.

तेव्हा तिची सासू धोंडूबाई उठली.

"सायेब, औषिद कडू आसू द्या. आदी त्या खिडकीचं बगा. ह्यो दादा वरडून इचारतो, नवऱ्याचं नाव काय? मागं आमचीच मानसं हुबी. कुनाचा दीर, कुनाचा सासरा. त्येंच्या म्होरं नाव घ्याचं कसं? ही माजी सून दोन येळा तशीच माघारी आली."

बौद्धवस्तीतल्या सोनाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आन आमचं तर आडनावबी वरडतो. त्ये आयकलं की रांगंतली मानसं सरकून हुबी ऱ्हात्यात. दुखनं बरं, पर त्ये सरकनं नगं वाटतं."

रांगेत सरकणारे काही जण तिथेच सतरंजीवर बसले होते.

आमचे हे उठून उभे राहिले. मनात काही नव्हतं ह्यांच्या... "अहो, पेपरवर नाव तर लागतंच. आणि नुसतं नाव घ्यायला काय होतं?"

"व्हय का?" धोंडूबाई माझ्याकडे वळली. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी घ्या की मग. काय नाव वो ह्येंचं?"

मी तोंड उघडलं... आणि शब्दच फुटेना! घरात 'अहो', केंद्रात 'क्लार्कसाहेब'. ह्यांचं नाव माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. ह्यांचे कान लाल झाले होते.

"आवं, बाईचाच पेपर निगंना की!" सोनाबाई म्हणाल्या आणि अख्खा कडुलिंब हसला. डॉक्टर तर डोळे पुसत होते. कुणीतरी ओरडलं, "उखान्यात घ्या, उखान्यात!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी "सुया उकळायला ठेवल्यात" म्हणून उठले आणि जाताना तुळसाचा हात धरून तिला सोबत आत नेलं. पेपरबिपर नंतर.

तिचं ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. त्याच दुपारी डॉक्टरांनी तिला जीपने मिरजेला पाठवलं. धोंडूबाई पुढच्या सीटवर बसून गेली... पहिल्यांदाच जीपमध्ये बसलेली, पण रुबाब असा की जीप तिचीच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच सगळं बदललं. खिडकीवर बाईने फक्त आपलं नाव सांगायचं. नवरा, आडनाव, वाडी हे सगळं आत माझ्या खोलीत, दार लोटून. तिथेही जीभ अडली तर सोबतच्या बाईने सांगायचं. आणि हाक मारायची ती नंबराने.

काही महिन्यांनी पुढची सभा झाली, तेव्हा त्याच बायका दवाखाना परत तपासायला आल्या. सोनाबाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या, नाव सांगितलं, नंबर घेतला, रांगेकडे एकदा वळून पाहिलं. "हां... आता बरा इचारतोय," असा त्यांनी शेरा दिला. तुळसा आली होती कुशीत लेक घेऊन. धोंडूबाईने ह्यांच्यासाठी घोंगडं आणलं होतं. "घ्या दादा. लय बोलले हुते तुमाला."

ते घोंगडं ह्यांनी शेवटपर्यंत पायांवर घेतलं. आणि आयुष्यभर मला चिडवत राहिले, "त्या दिवसाचा उखाणा राहिलाय हं तुमचा." मी दर वेळी काहीतरी काम काढून उठायचे.

आमच्या दवाखान्याला बोलायला शिकवलं ते त्या बायकांनी. त्यांची आठवण आज खिडकीवर अशी उभी राहिली, याचं बरं वाटलं.

दुपारी मेथी निवडायला बसले. घरात कुणी नव्हतं. मग घेतलाच...

खिडकीतून आला कागद, कागदावर झाली सही,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, रांगेत मागे कुणी नाही.

मेथी निवडून झाली होती. धुऊन चाळणीत निथळत ठेवली.