पुसलेली द्राक्षं

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी माल तपासायला होते, तेव्हाची ही मुकादमबाई. सगळ्या तिला मावशी म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा सिन्नरहून आलेल्या नव्या बाईने पेटीभर द्राक्षं पदराने चकचकीत पुसली. मण्यांवरची पांढरी झाक गेली की माल परदेशी जात नाही. आपलं काम गेलं म्हणून ती रडकुंडीला आली.

मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "का गं पुसली?"

"फवारलेलं औषध वाटलं."

"ही पेटी काय जायची नाय. पण इचार चांगला केला. मी तं पहिल्या दिवशी धुतलीच व्हती! आता नव्या बायांना तूच शिकव."

दुपारी दुसऱ्या एकीचा हात पदराकडे गेला.

"ओ ताई, पुसू नका!" सिन्नरची बाई ओरडली.

मावशी मान वर न करता हसली. मावशीच्या जागी मी असते तर त्या बाईला सकाळीच घरी पाठवलं असतं, आणि दुपारी आणखी एक पेटी घालवली असती.