लवूने कापलेलं गाऱ्हाणं

आरोंद्याच्या बाजारात लवू आता मोबाईलची कव्हरं विकतो. पण दोन हजार सहा-सातच्या सुमाराला, घरोघरी डीव्हीडी प्लेअर नुकते आले तेव्हा, लवूसारखा मानाचा माणूस गावात दुसरा नव्हता. लग्न-बारशाच्या कॅसेटी तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि त्यांच्या डीव्हीडी करून द्यायचा. डिस्क लिहिली जात असताना कुणी खुर्ची सरकवलेलीही त्याला खपत नसे. बिघडलेल्या डिस्का तो टाकायचा नाही. गोणीत भरून माळ्यावर ठेवायचा आणि चतुर्थीला गणपतीमागे त्यांची आरास करायचा. काय लखलखायची ती! मला तर अजून तशी आरास कुठे दिसली नाही.

कलाकारीची मात्र त्याला नको तेवढी हौस. माझ्या लग्नाच्या डीव्हीडीत मी आणि बायको एका लाल बदामात गरगर फिरतो. मुलं अजून हसतात. गाऱ्हाण्याचं तर त्याला वावडंच. घरातला कर्ता देवाला साकडं घालतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, हे लवूच्या मते नुसतं लांबण. तो आवाज बंद करून वर गाणं चढवायचा. लोक खूश असत. मीही होतो, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी मी मुलीच्या वाढदिवसाची डिस्क होण्याची वाट बघत दुकानात बसलो होतो. मासळी विकून, रिकामी पाटी घेऊन नर्मदाकाकी आली. तिच्या मुलाच्या, समर्थच्या लग्नाचं शूटिंग लवूनेच केलं होतं. त्यानंतर वर्षभरात काकीचा नवरा, शिवा, आजारपणात गेला.

“लवू, माझ्या घोवाच्या तोंडातसून बायलमाणसाचो आवाज येता रे,” काकी म्हणाली.

लवू हसला. मीही हसलो. काकीने पिशवीतून डिस्क काढून दिली. लवूने ती लावली. शिवा नारळापुढे हात जोडून उभा होता, त्याचे ओठ हलत होते, आणि कोणी गायिका प्रेमाच्या ताना घेत होती. आमचं हसू तिथेच आटलं.

“फोटो आसत घरात,” काकी म्हणाली. “आवाज खंयच नाय.”

“काकी, तो माझ्या हातान गेलो,” लवू कसाबसा म्हणाला. कॅसेटवर त्याने पुढचं लग्न घेतलं होतं आणि कॉम्प्युटरवरचं पुसून टाकलं होतं. मला त्याचा असा राग आला, की उठून जावंसं वाटलं.

मग त्याला एकदम आठवलं. पहिल्या डिस्कच्या सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नावात ‘समर्थ’चं ‘समथ’ झालं होतं. नाव चुकलं म्हणून ती गोणीत गेली, आणि गाणं चढलं ते दुसरी करताना.

गोणी खाली आली. आम्ही तिघं जमिनीवर बसलो. मी पुसायचो, काकी हातात द्यायची, लवू लावून बघायचा. भलत्यांचीच लग्नं निघत होती. माझ्या मुलीची डिस्क तशीच राहिली. ऊन उतरलं तेव्हा कुठे पडद्यावर ‘समथ’ उमटलं.

चित्र अडखळत होतं, आवाज मात्र लख्ख. “बा देवा म्हाराजा, जी बायल डोक्यार पाटी घेवन माझ्या घरासाठी उभी ऱ्हवली, तिका सुखात ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” डिस्कमधली माणसं म्हणाली.

लग्नात हे गाऱ्हाणं झालं तेव्हा काकी मागच्या दारी वडे तळत होती. हे तिने ऐकलंच नव्हतं.

“तेनी माका ह्या कधी सांगूक नाय,” ती म्हणाली. बराच वेळ पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “परत लाव.”

लवूने परत लावलं. शिवाचं वाक्य संपलं, आणि डिस्कमधली माणसं बोलायच्या आधीच लवूने हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला. मीही म्हणालो.